पाठीचं माप

पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला
वैजनाथने दोन कड्या बांधल्या तेव्हा
मी पायमशीनवरून एवढंच म्हणाले,
टाकी पडली तर तुझ्याच डोक्यात पडेल.

कड्या लाकडाच्या, पार्सलने आलेल्या.
पट्टे मात्र अझरभाईंचे, ट्रॅक्टरच्या गाद्या शिवतात ते,
तिहेरी टाक्याचे. मी ओढून पाहिले होते.
शिवणीत खोट नव्हती.

भरतीत पोरगं छाती फुगवून अर्धा सेंटिमीटर कमी भरलं.
चाकणला गेलं, कंपनीत.
कड्या राहिल्या. मी त्यांत हँगर अडकवले,
पिकोला आलेल्या साड्या,
आणि जिनिंगचा कापूस उडून त्यांवर बसायचा
मार्च संपेपर्यंत. मानवतला कापूस कुठंही बसतो.

बावीस वर्षं ब्लाउज शिवून
माझी पाठ त्याच हँगरच्या आकड्यासारखी झालेली.
परभणीच्या डॉक्टरने पट्टा दिला, म्हणाला वाकू नका.
वाकू नको तर सुईत दोरा काय तुझा बाप ओवील,
हे मी रिक्षात बसल्यावर म्हणाले.

फोनवर वैजनाथ: आत्या, नुसतं लोंबकळ.
लोंबकळले. दहा मोजेपर्यंत,
अर्धं वजन चपलांवर.
भिंतीपलीकडून केशरमावशी:
काय करायलीस माय, वाळायलीस का?
व्हय, म्हटलं, दमट झाले होते.

बार असता तर खोटं खपलं असतं.
कडी मोकळी असते.
चाक फिरवणारा उजवा हात झटकन वर जातो,
कापड सरकवणारा डावा मागे राहतो,
आणि मधे मी, तिरपी, गरगरत,
एका बाजूने उसवलेल्या बाहीसारखी.

खांदे आधी खाली, वैजनाथ म्हणतो,
कानांपासून लांब. मग कोपरं.
हातांनी ओढू नको, कोपरं खिशात घाल.
खिशात?
बायकांच्या कुठल्या कपड्याला खिसा असतो रे?
त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
रात्री मी जुन्या पंजाबी ड्रेसला
दोन्ही बाजूंनी खिसे लावले, खोल,
पॉपलिनचे, आतून ओव्हरलॉक.
कोपरांना जायला जागा पाहिजे.

पोळा गेला. दिवाळीचा सीझन आला,
दिवसाला बारा ब्लाउज, कड्यांना हातही नाही.
संक्रांतीनंतर पुन्हा पहिल्यापासून:
पाटावर उभं राहून उडीने वर,
मग हळूहळू खाली, आठ मोजत.
खाली येणंही मोजतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी.
त्या पहाटे मोटर लावली, टाकी भरायला लागली,
डोक्यावर हजार लिटरचा आवाज,
आणि मी अशीच, पाट न घेता.
खांदे खाली.
तळवे एकमेकांकडे वळले, आपोआप.
कोपरं गेली
खिशात.

वर फार काही नव्हतं.
गंज. गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं.
आणि अँगलच्या आतल्या अंगाला, खालून न दिसणारं,
पांढऱ्या खडूने: ११, १२, १२, ९, १२.
खडू माझाच, कापडावरचा.
तो गेला तेव्हा मी पौर्णिमाला चोर म्हटलं होतं.

दुपारी दुकानात तिला म्हटलं, टेप घे.
गावच्या पाठी मोजल्या आजवर,
आपली आपल्याला मोजता येत नाही.
तिने टेप लावला, टोकाला अंगठा दाबून, मी शिकवला तसा.
साडेचौदा होतं की तुमचं, म्हणाली, पंधरा भरायलंय.
चुकलं असेल, परत घे.
परत घेतलं. पंधरा.

वहीत लिही, म्हटलं.
आणि तो खडू, तू नव्हता घेतलास.
कोणता खडू, ती म्हणाली,
आणि काज करायला बसली.